स्प्रिंगवाला माझा, रबरवाला बाईंचा

जुन्या कीबोर्डांचा नाद मला लागला तो पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतर. त्या सुमारास आमच्या गावात कार्यालयांची हलवाहलव सुरू झाली. कोणाला नवी इमारत मिळाली, कोणाला नवी टेबलं, आणि कोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेलं सामान बाहेर निघालं. मी एका सरकारी कार्यालयात बाबू आहे. आमच्या कोठीतलं भंगार ट्रॅक्टरमध्ये चढवून राहिले होते, तेव्हा एक कीबोर्ड माझ्या हाती आला. सहज एक बटण दाबलं. खट्ट असा आवाज आला.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पूर्वी रेल्वेच्या तिकीट खिडकीत नाव-वय सांगितलं की आतून जो खडखडाट ऐकू यायचा, तो हा. आता आमच्या टेबलावर जे कीबोर्ड येतात त्यांचं बटण दाबलं की ओल्या कणकेत बोट रुतल्यासारखं वाटतं. मी तो कीबोर्ड ट्रॅक्टरमध्ये टाकला नाही. शिपायाला सांगून रीतसर बाजूला काढला, आणि घरी गेल्यावर मोबाइलवर त्याच्याबद्दल शोधत बसलो.

मग मी शिकत गेलो. कीबोर्ड हातात घेतला की आधी त्याचं वजन पाहायचं. आत लोखंडी पत्रा असेल तर तो जड लागतो. मग तो पालथा करून लेबल वाचायचं. वायरच्या टोकाला जाड गोल पिन असेल तर तो फार जुना. वाकवलेल्या तारेनं एक बटण वर उचलायचं आणि खाली काय आहे ते पाहायचं. मऊ रबराची टोपी दिसली तर सोडून द्यायचं, प्रत्येक बटणाखाली वेगळी पेटी किंवा स्प्रिंग दिसली तर ठेवायचं. काही कीबोर्ड नुसते तिरपे केले तरी आतल्या स्प्रिंगा बारीक झणझणतात. तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे माझ्या चकरा सुरू झाल्या. नागपूरकडून येणाऱ्या मालात कधी कधी एखादा चांगला कीबोर्ड असायचा. तो मिळाला की मी तोंड वाकडं करून म्हणायचो, "याच्यात काही दम नाही जी. नेतो, पाहतो काही सुटे भाग निघाले तर." आणि घरी येऊन पोरासारखा नाचायचो. बायको म्हणायची, "घरात उंदरं टाईप करून राहिले का?" मी हसायचो. आपल्याला जे कळतं ते पूर्ण पांढुर्ण्यात कोणाला कळत नाही, याचा मला माज आला होता. कसलेही भाव न दाखवता खोटं बोलायची सवय मला त्या भंगाराच्या दुकानात लागली, हे आज मला कबूल केलं पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस भंगारवाला म्हणाला, "साहेब, सौसरले एक म्हाताऱ्या मॅडम आहेत. टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं त्यायचं. लय कीबोर्ड पडले आहेत म्हणतात. पण तोलून देत नाहीत. म्हणतात, आधी कोणी जाणता माणूस पाठवा. तुम्ही जाता का?"

मी विचारलं, "इन्स्टिट्यूट कुठं होतं?"

त्यानं जागा सांगितली. त्या माझ्याच टायपिंगच्या बाई होत्या.

मी मूळचा लोधीखेड्याकडच्या एका खेड्यातला. आमची थोडी संत्री, थोडा कापूस. बारावीनंतर मी रोज सायकलनं सौसरला टायपिंग शिकायला जायचो. माझी डावी करंगळी लहानपणी दारात चेपली होती, ती पुरती वाकत नाही. पहिल्या आठवड्यात मी बाईंना म्हणालो होतो, मला हे जमणार नाही. बाईंनी माझं बोट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "करंगळीचं काम शेजारच्या बोटाले दे. थोडं लंगडत चालशील, पण पोहोचशील."

तेव्हा त्यांच्याकडे टाईपरायटरांच्या रांगेच्या शेवटी दोन कॉम्प्युटर नवेच आले होते. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचं सामान निघालं होतं, त्यातून त्यांनी आणले होते. त्यातल्या एकाचा कीबोर्ड परदेशी बनावटीचा, राखाडी आणि दगडासारखा जड होता. बाईंनी मला सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधीचा तास त्या कीबोर्डावर दिला. म्हणाल्या, "हा स्प्रिंगवाला आहे. बटण लागलं की नाही, ते हा स्वतः सांगते. रबरवाले सांगत नाहीत, ते फसवतात." परीक्षेच्या आधी दोन महिने त्या रोज माझ्यासाठी पहाटे उठून खोली उघडत होत्या.

मी परीक्षा पास झालो, नोकरीही लागली. पेढे घेऊन बाईंकडे जायचं ठरवलं होतं, पण पहिली नेमणूक लांब होती. आधी जायला सवड झाली नाही, मग उशीर झाला, आणि मग इतका उशीर झाला की जायची लाज वाटायला लागली. बदली होऊन पांढुर्ण्याला आलो तेव्हा सौसर तासाभरावर होतं. तरी मी गेलो नाही. आणि आता जाणार होतो ते त्यांचे कीबोर्ड आणायला.

रविवारी सकाळी मोटारसायकलवर पोती बांधून निघालो. वाटेत मी ठरवत होतो की गेल्यावर पाया पडायचं, नाव सांगायचं, इतकी वर्षं आलो नाही म्हणून माफी मागायची. दारात पोहोचलो तेव्हा बाई ओसरीत खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. केस पूर्ण पांढरे. मी समोर उभा राहिलो तरी त्यांनी माझ्या खांद्याच्या बाजूला पाहत विचारलं, "कोण जी?"

काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची. हे लक्षात आलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता ओळख द्यायची गरज नाही. वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "भंगारवाल्यानं पाठवलं. कीबोर्ड पाहायले."

"या, या भाऊ. आतल्या खोलीत आहेत. दार उघडंच आहे."

खोली तीच होती. टाईपरायटर गेले होते, टेबलं होती. कीबोर्ड दोन खोक्यांत भरलेले होते. बहुतेक रबरवाले, दोन-तीन देशी स्प्रिंगवाले. आणि दुसऱ्या खोक्याच्या तळाशी, कापडी खोळीत, तो राखाडी. मी तो तिरपा केला. आत स्प्रिंगा झणझणल्या. पालथा करून लेबल पाहिलं, बटण उचलून पाहिलं. असा कीबोर्ड मी फक्त मोबाइलवर पाहिला होता. जगभरातले शौकीन ज्याच्यासाठी तडफडतात, त्यातला तो होता. शिकताना मला काय माहीत, मी कशावर बोटं चालवत होतो.

मला राहवलं नाही. तो टेबलावर ठेवून मी कोरडाच टाईप करायला लागलो. सरावाच्या ओळी बोटांना अजून पाठ होत्या. खटखट, खटखट. दोन-तीन मिनिटं मी सगळं विसरलो. थांबलो तेव्हा बाहेर शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

बाईंनी ओसरीतूनच विचारलं, "गाव कोणतं जी तुमचं?"

"पांढुर्णा."

"मूळचे तिथलेच?"

"हो."

"टायपिंग कुठं शिकले?"

"शिकलो नाही कुठं. ऑफिसात काम करता करता हात बसला."

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. मग भिंतीला हात लावत आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, सगळे घेऊन जा. फक्त एक मले ठेवायचा आहे. भाच्यानं लॅपटॉप दिला आहे, बोलणारा. मी टाईप केलं की तो वाचून दाखवते. मोहल्ल्यातल्या बायांचे अर्ज मी टाईप करून देते. पण लॅपटॉपची बटणं सपाट आहेत, बोटं रस्ता चुकतात. यातला सगळ्यात चांगला कोणता, तेवढं सांगा. तो मी ठेवते."

राखाडी कीबोर्ड आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होता. माझा एक हात त्याच्यावरच होता.

मी खोक्यातून एक हलका, काळा, रबरवाला काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा घ्या. नव्यासारखाच आहे. आवाज नाही, बोटांना त्रास नाही."

बाईंनी दोन-तीन बटणं दाबली. "हाच चांगला?"

"हो."

"आणि आत्ता वाजवत होते तो?"

"त्याच्यात आतून गंज लागला आहे. काही कामाचा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जाणते. तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

भंगाराच्या भावात त्यांनी मला सगळे कीबोर्ड दिले. निघताना पिशवीभर संत्री दिली, तीही मी घेतली. बायकोनं जामसावळीच्या मारुतीचा प्रसाद आणायला सांगितलं होतं. तिथं पोहोचलो, गाडी हळू केली, पण उतरवेना. घरी येऊन सांगितलं, फार गर्दी होती.

त्या संध्याकाळी मी राखाडी कीबोर्ड पूर्ण खोलला. एकेक बटण साबणाच्या पाण्यात धुतलं, पत्रा पुसला. गंज कुठंच नव्हता. इतक्या वर्षांत धूळसुद्धा फारशी गेली नव्हती, कारण बाईंनी खोळ शिवून घातली होती. खोळीच्या कडेला हाताचे टाके होते. ते पाहून मी ती खोळ कपाटात खाली सारली. पुन्हा जोडून झाल्यावर लक्षात आलं की याची वायर सुटी निघते, आणि ती मी आणलेलीच नाही. बाईंच्या खोक्यातच कुठं तरी राहिली असणार. त्या वायरीशिवाय तो कीबोर्ड नुसता ठोकळा होता.

वायर मागायला फोन करायचं धाडस मला होईना. तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. भंगारवाल्याकडून नंबर घेतला होता.

"तुमची एक वायर इथं राहून गेली," बाई म्हणाल्या. "पिळाची आहे. त्या जड कीबोर्डाची. तिच्याबगर तो चालणार नाही, येऊन घेऊन जाजो."

त्यांनी मला 'जाजो' म्हटलं, म्हणजे एकेरीत बोलल्या, हे मला एक क्षण उशिरा कळलं. मी "हो, हो" म्हणत होतो. मग त्यांनी विचारलं, "आणि करंगळी कशी आहे आता?"

माझ्या आजूबाजूला कार्यालयात माणसं बसली होती. मी म्हणालो, "बरी आहे." त्या म्हणाल्या, "ठीक आहे मग," आणि फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या टेबलावर आलेल्या एकाही कागदावर मला सही करता आली नाही.

आठवडा मी तसाच काढला. बायकोला काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी राखाडी कीबोर्ड खोळीत घालून घेतला आणि सौसरला गेलो. जुनी गोल पिन नव्या लॅपटॉपला लागावी म्हणून एक छोटा जोड मिळतो, तो माझ्याजवळ होता, तोही घेतला.

बाई आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. शेजारी मोहल्ल्यातली एक बाई उभी होती. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता, पेन्शनचा अर्ज करायचा होता. तिच्या हातात छापलेला कागद होता आणि तिची मुलगी तो वाचून दाखवत होती. वाचता वाचता अडखळत होती. मी कागद घेतला. आमच्या राज्यात सरकारी कागद हिंदीत चालतो, म्हणून अर्ज हिंदीत होता. मध्येच अक्षरं गळालेली, मात्रा नाहीत, नवऱ्याच्या नावातलं पहिलंच अक्षर गायब. काळ्या कीबोर्डाची डाव्या बाजूची बटणं रुतून बसत होती. कधी लागायची, कधी नाही, आणि लॅपटॉप इतका भराभर वाचायचा की गळालेलं अक्षर कळायचं नाही.

असे अर्ज माझ्या टेबलावर येतात. नाव जुळत नाही म्हणून मी ते परत करतो. माणूस पुन्हा महिनाभरानं येतो, कधी येतही नाही. तो कागद हातात धरून मी उभा राहिलो आणि मला बसवेना.

"कोण आलं?" बाईंनी विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. अठ्ठावीस वर्षांनी.

"या, साहेब," त्या म्हणाल्या. मग त्या बाईकडे वळून, अगदी आनंदानं, "हा माझा विद्यार्थी. पांढुर्ण्याले सरकारी नोकरीत आहे. माझ्यासाठी कीबोर्ड घेऊन आला पाह्य."

त्या बाईनं मला हात जोडले. तिची मुलगी पाया पडायला वाकली. मी दोन पावलं मागं सरलो.  त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. खाली बसून वायर शोधली, जोड लावला, लॅपटॉप सुरू केला. बाईंनी राखाडी बटणांवर बोटं ठेवली, एकदा डावीकडून उजवीकडे नुसती फिरवली, आणि अर्ज पहिल्यापासून टाईप करायला लागल्या. लॅपटॉप एकेक शब्द मागाहून बोलत होता. त्यांची बोटं त्याच्या पुढं पळत होती.

मायलेकी कागद घेऊन गेल्यावर मी बाईंच्या पायाशी बसलो. म्हणालो, "बाई, मी खोटं बोललो."

"माहीत आहे मले. तू टाईप करायले बसला नं, तेव्हाच ओळखलं. तसं लंगडत कोणी चालत नाही."

"मग मला बोलल्या काहून नाही? मी तुम्हाला रबरवाला दिला तेव्हा तरी..."

बाई म्हणाल्या, "मले वाटलं, याले तो पाहिजे असेल आणि मागता येत नसेल. पहिलेही तुले काही मागता येत नव्हतं. सकाळचा तास मीच दिला, तू कुठं मागितला होता? म्हटलं, नेऊ दे."

मी रडायला लागलो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी रडलो नाही. माझे कान तापले होते आणि मला तिथून पळून जायचं होतं.

"नेला त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण रबरवाला माझ्या मांडीवर ठेवून चांगला म्हणालास, ते मले लागलं. हे मीच शिकवलं होतं तुले. आणि कुठं शिकलो नाही म्हणालास."

 मी म्हणालो, बाकीचे कीबोर्डही परत आणून देतो. त्या म्हणाल्या, "मी काय करू त्यायचं? जागा अडते. ठेव तू." चहा झाला. मी निघालो.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कदाचित स्वतःपाशीच ठेवली असती. पण मी घरी पोहोचायच्या आत बाईंनी माझ्या घरी फोन केला होता. मी पोहोचलो का ते विचारायला. मी जाताना मोबाइल घरीच विसरलो होतो, तो बायकोनं उचलला. बाईंनी तिला सांगितलं की तुझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांनी आठवण ठेवली, माझ्यासाठी स्वतः कीबोर्ड साफ करून आणला, बसवून दिला, फार गुणी मुलगा आहे.

दारात गेलो तर बायकोचा चेहरा फुलला होता. "सांगितलं नाही तुम्ही मले! आपल्या बाईंसाठी करून राहिले होते इतकं?" तिनं त्याच संध्याकाळी नागपूरला मुलीला फोन लावला, मग स्वतःच्या आईला. मी शेजारी बसून ऐकत होतो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ग्रेट आहात." मी म्हणालो, "काही नाही गं." तेवढंच म्हणालो. लोक ते नम्रपणा समजतात.

पंधरा दिवस मी ते कौतुक अंगावर वागवलं. कार्यालयातही बातमी गेली, कारण बायकोची मैत्रीण आमच्याकडेच कामाला आहे. साहेबांनी पाठ थोपटली. शेवटी एका सकाळी बायको डबा भरत असताना मी तिला सगळं सांगितलं. म्हातारीची नजर गेली हे पाहून सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगितलं. ती पोळी हातात धरून ऐकत राहिली. संपल्यावर तिनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "जा, उशीर होईल." चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "संक्रांतीले मी सौसरले येते. वाण घेऊन."

आम्ही गेलो. बायकोनं बाईंच्या पाया पडून ओटी भरली, तिळाचे लाडू दिले. बाईंनी तिचा हात धरून तिच्यासमोर पुन्हा माझी स्तुती केली, आणि बायको म्हणाली, "हो नं जी, आहेतच ते तसे." बाईंना माहीत नव्हतं की हिला माहीत आहे. की माहीत होतं, मला सांगता येणार नाही. दोघी माझ्याबद्दल चांगलं बोलत होत्या आणि मी मध्ये बसून लाडू खात होतो. 

मग मोहल्ल्यातला एक माणूस नळाचा अर्ज करून घ्यायला आला. बाईंनी तो टाईप केला, छापला आणि माझ्यापुढं धरला. "वाच रे. काही गळालं आहे का पाह्य."

मी मोठ्यानं वाचला. काही गळालं नव्हतं. तसं सांगितलं, आणि अर्ज त्या माणसाच्या हातात दिला.